आधी सोडवायचं, मग खरवडायचं

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी रंगाऱ्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. दवाखान्यात पाणी घेऊन परतलेली त्याची बायको दाराबाहेरच थबकली. आत नणंद भावाला फैलावर घेत होती.

"औषधानं रक्तातल्या वाईट पेशी वाढल्यात. ऊठ, घरी चल."

"ताई, त्या नव्या नाहीत. हाडांतल्या मगजाला चिकटून बसल्या होत्या, तिथं औषध लागत नव्हतं. आता या औषधानं सुटून रक्तात आल्यात."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टरीणबाई. मीसुद्धा जुना रंग आधी सोडवतो, मगच खरवडतो."

"आणि घरभर पोपडे करतोस."

"तेव्हाही तू अशीच ओरडायचीस."

"मग खरवडणार कधी?"

"उद्या, दुसऱ्या औषधानं."

"बरं. उद्यापर्यंत थांबते."

त्यानंतर नवव्या वर्षी ताई म्हातारपणानं गेली. तिला खांदा रंगाऱ्यानं दिला.