सब-वूफर खुर्चीत, आम्ही जमिनीवर

हॅलो? … हां, बोल इन्शिराह, पोचलीस का आईकडे? … सामान ओढतोय? कोण, मी? … खालच्या मजल्यावरच्या उम्म बिशोयनं इथे इंबाबातून थेट तंताला फोन लावला? धन्य आहे बाई तिची!

अगं ऐक ना… नवा सब-वूफर आलाय, ढोल घुमवणारा तो मोठा स्पीकर, त्याला जागा शोधतोय. … कशी म्हणजे? तो माझ्या खुर्चीवर ठेवलाय, गाणं लावलंय, आणि मी गुडघ्यांवर घरभर रांगतोय. … हस, हस! … अगं, पद्धतच आहे तशी. रांगता रांगता जिथे ढोल नीट ऐकू येईल, तिथे तो ठेवायचा. मग खुर्चीत बसलं की तस्साच ऐकू येतो.

हो, सापडली जागा. … सांगतो… आधी चिडणार नाहीस म्हण. … तुझ्या काचेच्या कपाटाचा कोपरा. … ओरडू नकोस, कान फुटला माझा! … नाही लावला हात. आईनं रुखवतात दिलेला सेट, माहितेय. आठ वर्षं झाली लग्नाला, त्यातून एक घोट चहा प्यायलोय का मी? … पाहुण्यांसाठी? कुठले पाहुणे गं? … बरं, बरं, राहिलं.

पण माझं मरण समजून घे… गाण्यांचं मिक्सिंग करताना या छोट्या स्पीकरवर ढोलाचा घुमारा ऐकूच येत नाही. म्हणून मी ढोल वाढवत जातो, वाढवत जातो… आणि मागच्या लग्नात काय झालं? … हो, मांडवातले स्पीकर फाटले. नवरीच्या मामानं उस्ताद फौलींना गाता गाता स्टेजवरून खाली उतरवलं. … तेच म्हणाले, ही शेवटची संधी. आज पटलं नाही तर त्यांची गाणी दुसऱ्याकडे. … आत्ता येतायत, दुपारच्या असरच्या नमाजानंतर!

कपाट फक्त दोन हात सरकवू दे… एकेक कप टॉवेलात गुंडाळतो, व्हिडिओवर मोजून दाखवतो… तू येईपर्यंत नाही? तू गुरुवारी येणार! … हात जोडतो गं. … बरं. नाही तर नाही. मेलो मी.

थांब, दार वाजलं. … नाही ठेवत फोन, नाही ठेवत. … या उस्ताद, या! … अं… खुर्चीत नको, तिथे सब-वूफर बसलाय. तुम्ही… कसं सांगू… जरा या कोपऱ्यात, खाली बसाल? गाणं इथेच खरं ऐकू येतं. … माफ करा. लावतो.

इन्शिराह, हळू बोल. … बसले. एवढा मोठा माणूस, जमिनीवर. लाज वाटतेय मला. … डोळे मिटलेत. … ढोल आला… अगं, मान हलवतायत! मांडीवर ठेका धरलाय! आवडलं गं त्यांना, आवडलं! … काय? … हो, कप किणकिणतायत, मलाही ऐकू येतंय. … टेकून बसलेत ना ते. … कपाटालाच. आणि डुलतायत. … अगं पण आता त्यांना उठवू कसा? तूच सांग… हॅलो? … इन्शिराह? … हॅलो?