मालकाच्या गाडीतली टकटक

मी किसन, गाव आमचं देवळीच्या पलीकडं, बाप बैलबंडी हाकत जाये, कापसाच्या बंड्या भरून जिनिंगवर नेत जाये, अन् मी मोटार हाकली, एवढाच काय तो फरक पडला आमच्या घराण्यात. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं काऊन नाई शिकलो म्हणान तं बापाचा पाय बंडीच्या चाकाखाली आला, मंग कोण शिकवते. देवळीत कापसाचे एक व्यापारी होते, त्यायले सारेच मालक म्हणत, मीबी मालकच म्हणतो, मेलेल्या माणसाचं नाव कायले घ्या उगीच. त्यायच्या गोठ्यात कामाले लागलो, शेण काढता काढता गाडी धुवाले लागलो, धुता धुता हाकाले शिकलो. माणसाचं असंच असते, ठरवून काही होत नाई.

गाडी म्हणजे काळी विलायती, मालकाच्या बापानं कोण्या साहेबापासून घेतलेली, इंग्रज गेला तवाची. थंडीत हँडल मारल्याबिगर चालू नाई होये. पण पळे मोठी छान. लोक रस्त्याच्या कडेले उभे राहून पाहत, अन् मी आपला गादीवर ताठ बसलेला, काय सांगू तुम्हाले, बायकोबी मले त्या गाडीमुळंच भेटली असं तिचा बाप म्हणे. हिंगणीचे लोक ते, जंगलाच्या बाजूचे, त्यायले जावई डायवर पाहिजे होता.

तं आणीबाणी उठली त्या सुमाराले गाडीत आवाज याले लागला. टक टक टक. अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसा. हळू चालवली तं हळू, पळवली तं भरभर. मी मालकायले सांगतलं. वर्ध्यात एका मिस्त्र्याले दाखवलं, त्यानं म्हटलं टॅपेट आहे, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर ते बारके दांडे वरखाली होते ना, ते ढिले पडले म्हणे. त्यानं कसून देले. आवाज होता तिथीच. मंग म्हणे जुनी गाडी आहे, बोलनच. मी मालकायले पुन्हा म्हटलं, मालक, मले काही हे बरं नाई वाटत, नागपूरले दाखवू. मालक हासले. म्हणे किसन, तुही बायको बोलते तं तिले नागपूरले नेतं का तू? मीबी हासलो. चांगले होते हो मालक.

मंग तो दिवस आला. कापसाचा सीजन, दुपारची वेळ, मालक जेवून उठले अन् छाती धरून खालीच बसले. आम्ही उचलून गाडीत टाकलं. मालकीणबाई मागं बसल्या, मांडीवर मालकाचं डोकं. मी गाडी काढली वर्ध्याकडं. अर्ध्या रस्त्यात गाडीनं हिसके देले, दोन-चार हिसके देले अन् बंद. उतरलो, बोनेट उघडलं, हात भाजले, ते मले मागून समजलं. टाकीत पेट्रोल होतं. हँडल मारलं, पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. बाई काचेतून पाहून राह्यल्या होत्या. एक बंडी आली कडब्याची, कडबा खाली टाकला, मालकायले वर निजवलं. बंडी गेली. मी गाडीजवळ थांबलो, गाडी सोडून कसा जाऊ. वर्धा दिसाले लागली अन् मालक गेले म्हणे, हे मले येणाऱ्या एका सायकलवाल्यानं सांगतलं. तो सांगून चालला गेला. मी तसाच उभा, हँडल हातात.

तेरवीले मालकाचे लहाने भाऊ साऱ्यायसमोर बोलले. म्हणे याले आवाज माहीत होता, यानं गाडीकडं पाह्यलं नाई, यानं गाडी मारली अन् गाडीनं माहा भाऊ मारला. अंगणात माणसंच माणसं. काय बोलू? मालकच नागपूरले नाई म्हणत होते, असं मेलेल्यावर कसं ढकलाचं. बाई भिंतीले टेकून बसल्या होत्या, पदर तोंडावर. मी चपला घातल्या अन् घरी आलो.

देवळीत मंग राहवलं नाई. सासऱ्याच्या गावी, हिंगणीले गेलो. लोकायच्या वावरात निंदन, वखरन, जंगलातून बांबू आणन, जे भेटलं ते केलं. गाडी नाई हाकली. एकानं म्हटलं ट्रक आहे, येजो, नाई गेलो. बायको म्हणे तुम्ही एकदा रडून तरी घ्या. नाई आलं रडू. तुम्ही कधी दात काढला का? सुई मारते डॉक्टर, मंग गाल आपला असून आपला नाई राहत, चावला तरी समजत नाई. तसं मले साऱ्या अंगाले झालं. बाजारात लोक मागून म्हणत, मालक मारणारा डायवर तो हाच. ऐकू ये, पण लागे नाई. पोरगी झाली, बायकोनं हातात देली, छान होती. मी म्हटलं छान आहे, अन् बांबू आणाले गेलो.

मालकाची पोरगी लग्नाची झाली तवा बाईचा निरोप आला. गाडी इतके साल गोठ्यात झाकून ठेवली होती. बाईच्या मनात, पोरगी बापाच्या गाडीतूनच सासरी जावी. चालू केली तं तोच आवाज. बाईनं म्हटलं, किसनले बोलवा, त्याच्या समोर पाहू काय आहे ते. बायको म्हणे जाऊ नका. मी गेलो. काऊन गेलो, सांगता येत नाई. बोलावलं, गेलो.

गफूर मिस्त्री म्हणून दुसरेच एक मिस्त्री आलते. म्हातारा माणूस, तोंडात पान. लहाने भाऊ खुर्ची टाकून बसले, बाई दारात उभ्या. मिस्त्र्यानं आधी वरचं झाकण काढलं, टॅपेट नीट पाह्यले, कसले. टक टक सुरूच. मंग म्हणे बेरिंग गेलं असन, इंजिन पुरं उतरवा लागन. लहाने भाऊ म्हणे पाहा, मी म्हणत नोतो? तेल नाई टाकलं यानं. मिस्त्री म्हणे, ठहरो भाई, बेरिंग होगा तो समझ में आयेगा. चालू इंजिनात प्लगाची एक एक वायर काढून पाह्यली. बेरिंग गेलं असतं तं कोण्या तरी एका वायरीले आवाज दबला असता. दबला नाई. मंग त्यानं स्क्रू पिळाचा लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनाले लावलं, मूठ कानाले, अन् डोळे मिटून इकून तिकून फिरवत राह्यला. इंजिनाच्या बाजूले पेट्रोल ओढाचा पंप असते, तिथी येऊन थांबला. पंपाच्या दांडीवर पाना दाबला. आवाज बंद. पाना काढला, टक टक. पुन्हा दाबला, बंद.

पंप खोलला तं आतली स्प्रिंग तुटून दोन तुकडे, दांडी झिजून गेलेली. मिस्त्री म्हणे यही ठोक रहा था. जोर लगा तो पेट्रोल पहुँचा नहीं, गाडी खडी हो गयी. इसमें तेल का क्या, डायवर का क्या. बाहर से दिखता नहीं. लहाने भाऊ उठले, घरात गेले.

बाई जवळ आल्या. म्हणे किसनराव, तुम्ही ह्यायले आवाजाचं सांगतलं होतं का? किसनराव म्हटलं त्यायनं. मी म्हटलं, बाई, आठवत नाई. बाई म्हणे, मले आठवते. मी आतून ऐकत होती. नागपूरले दाखवू म्हटलं तुम्ही, अन् हे हासले. तेरवीच्या दिवशी मले तोंड होतं, मी नाई उघडलं.

हात जोडले त्यायनं. मले वाटलं आता काही तरी होईन मले, आतून काही येईन. काही नाई आलं. मी म्हटलं, बाई, पंप नवा टाका, दुरुस्त केलेला टिकणार नाई. भूक लागलती, ते मात्र आठवते.

मालकाच्या पोरीले मीच नेलं सासरी. पोरगी मागं रडून राह्यली होती, गाडी गपचूप चालली होती, इतकी गपचूप का मले तिचं रडणं पुरं ऐकू ये. मंग बाईनं म्हटलं, इथीच राहा. राह्यलो. गाडी पुढं विकली, बाई गेल्या, लहाने भाऊ आता थकले, बाजारात भेटलो तं संग चहा पेतो आम्ही, ती गोष्ट तेबी काढत नाई, मीबी नाई.

बायको विचारत जाये, आता तं मोकळं वाटते ना? मी हो म्हणो, तिच्यासाठी. माह्या पोरीचं लग्न झालं, नातू आहे, दोन वक्ताची भाकर भेटते. तुम्ही लिहून राह्यले, लिहा. पण बाईचं वाईट नका लिहू. भरल्या घरात, ताजी रांडवलेली बाई, दिरापुढं कशी बोलन, सांगा. माहं काय, चाललं ते चाललं. जा तुम्ही आता, एस.टी. चुकन. देव तुमच्या लेकरायले सुखी ठेवो.