कुसुमबाईच्या सभेले आनलेला खर्रा

सरपंचभाऊ, पोलीस पाटीलभाऊ, शाळेचे मास्तर, कुरखेड्याहून आलेले पाहुने, आन् खाली सतरंजीवर बसलेले गावचे समदे लहानमोठे.

मी शांताबाई. अंगणवाडीची मदतनीस. बोलनाऱ्यायमध्ये माहं नाव नव्हतं, मीच मागून घेतलं. मले माईकसमोर बोलता येत नाई. चुलीवरच्या खिचडीच्या गंजासमोर बोलता येते. कुसुमबाईच्या फोटोकडे पाह्यलं का रडनं येते आन् रागबी येते, दोनी संगच. रडनं मी घरी करून घेतलं. इथी राग घेऊन आली हावो.

माह्याआधी जे जे बोलले त्यायनं सांगतलं, अंगणवाडीची आपली बाई लय मायाळू होती. गोड बोले. कोनाशी तिचं वाकडं नव्हतं. भाऊ, तुमी कोनत्या कुसुमबाईबद्दल बोलून राह्यले? आपली कुसुमबाई भांडखोर होती. अर्ध्या गावाशी तिचं बोलनं बंद होतं. माह्याशीबी बंद पडे, मंग खिचडीत मीठ जास्त झालं का पुन्हा सुरू होये.

मेल्यावर मायाळू म्हनता. जितेपनी तिच्याविरुद्ध सह्या कोनं गोळा केल्या होत्या? ही बाई लोकायच्या घरात नाक खुपसते, हिले काढा, हे कोनं म्हनलं होतं? ते समदे आज पुढच्या रांगेत बसून हायेत. मान खाली कायले घालता? आयका.

काय केलं होतं तिनं? कोनाच्या वावरात ढोरं सोडले होते? तिनं लेकरायचं तोंड पाह्यलं होतं. बस, तेवढंच.

ज्या पाहुन्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगतो. रोज सकाळी लेकरं आले का ती दारात पाटावर बसे. नखं पाहे, डोकसं पाहे, डोळ्याची खालची पापनी ओढून पाहे. मंग म्हने, आ कर. पह्यले मले वाटे, दात पाहून राह्यली. एक दिवस तिनं एका पोट्टीच्या गालातून बोटानं सुपारीचा भुगा काढला. तंबाखूचा वास येऊन राह्यला होता. एवढीशी पोट्टी, नाक पुसता येत नाई तिले. कुसुमबाईनं इचारलं, कोनं देल्लं बाई तुले? पोट्टी म्हने, बाबासाठी खर्रा आनाले गेली होती, ठेल्यावरचा काका मलेबी देते चिमूटभर.

समजलं? बाप घरी बसते आन् पोट्टीले ठेल्यावर धाडते. ठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटते आन् लेकरू आलं म्हनून लाडानं त्याच्या हातावर चिमूट ठेवते. त्याले वाटते तो मायाच करून राह्यला. आपल्या गावात कोनालेच यात काई वाईट दिसत नव्हतं. लेकराची भूक मरे. खिचडी ताटात तशीच राहे. वजन वाढे नाई. आन् आपन म्हनो, अंगणवाडीचा खाऊच खराब हाये.

बाया हो, तुमी हसू नोका. धानाच्या रोवन्याच्या दिवसात वावराच्या धुऱ्यावर निजवलेलं लेकरू किरकिर करू नये म्हनून त्याच्या गालात सुपारीचा तुकडा कोन ठेवते? बाप तर धानाच्या बांधीत नसते तवा.

मंग कुसुमबाई रस्त्यात उभी राहाले लागली. लेकराच्या हातात खर्रा दिसला का ते लेकरू आन् ती पन्नी, दोनी घेऊन त्याच्या घरी जाये. ती खर्रा फेकत नव्हती, हे ध्यानात ठेवा. बापाच्या हातात देये आन् म्हने, "तुले खायाचा तर खा. पन आपल्या पायानं जाऊन आन. लेकराले नोको धाडू."

एवढंच मागनं होतं तिचं. खर्रा सोडा असंबी ती म्हनत नव्हती. ठेल्यापर्यंत चाला, एवढंच. ते तुमाले झोंबलं. बाईमानूस दारात येऊन बोलून गेली म्हनून झोंबलं.

तिच्या घरवाल्याले समद्यायनं पाह्यलं हाये. ढिवर मानूस, तलावात मासे धरनारा. या काठावरून आवाज देल्ला का तलावाच्या त्या काठावर आयकू जाये. खर्रा खाऊन खाऊन शेवटी त्याचं तोंड उघडे नाई. घास जाये नाई. ती चमच्यानं पेज पाजे, तेबी गालाकडून सांडे. मी तिले एकदा म्हनलं, बाई, लोकायले हे सांगत जा, तवा आयकतीन. ती म्हने, "शांता, हे सांगतलं तर लोक माही कीव करतीन आन् खर्रा खातच राह्यतीन."

तिनं तुमाले बराबर ओळखलं होतं.

भांडून भांडून तिनं बंडूभाऊचा ठेला अंगणवाडीच्या कुंपनापासून हटवला. बंडूभाऊ, तुमी इथीच बसून हा, मी मागून बोलत नाई. तिची राख नदीत सोडली आन् दुसऱ्या दिवशी तुमचा ठेला परत कुंपनाले येऊन लागला. तुमाले थोडा दम नाई निघाला? आज तिच्या फोटोले सगळ्यात मोठा हार तुमचाच हाये. हार आनला, बरं केलं. ठेला काऊन आनला?

आता आजची गोष्ट सांगतो आन् बसतो.

मयतीच्या घरी, सभेत, पाहुन्यायपुढे खर्रा ठेवाची आपल्याकडे रीतच हाये. ज्या बाईनं जलमभर हेच भांडन केलं तिच्याच सभेतबी ही रीत पाळली तुमी. मंडपातून कोनंतरी खर्रा आनाले धाडलं. कोनाले धाडलं? माह्या नातीले. परीले. अंगणवाडीत येते ती. मी सतरंज्या टाकून राह्यली होती, तर समोरून दोनी मुठीत पन्न्या धरून आली. मी म्हनलं, परी, आ कर.

तिनं आ नाई केलं.

कुसुमबाईसमोर सगळ्यात आधी आ करनारी पोट्टी ती. आज आपल्या आजीसमोर तोंड मिटून उभी राह्यली. मी गाल दाबला, तवा लाल थुका निघाला. मी तिले मारलं नाई. तिचं काय चुकलं? तिले मोठ्या मानसायनं सांगतलं, ती गेली. बाईसाठी सभा हाये म्हनून खुशीनं गेली.

कोनं धाडलं ते मी इचारत नाई. नाव निघालं का इथी भांडन होईन, आन् भांडन संपेपर्यंत कोन्या दुसऱ्याची पोट्टी ठेल्यावर जाऊन येईन.

पन एक आयकून ठेवा. नवी बाई येईन तवा येईन. उद्यापासून दारात पाटावर मी बसीन. तोंड पाहीन आन् पन्नी घेऊन तुमच्या घरी येईन. कुसुमबाई निदान घरात बोले, मी रस्त्यावर बोलीन, शेजारपाजाऱ्यायले आयकू जाईन एवढ्या मोठ्यानं. मले काढाचं असन तर करा सह्या. सवय हाये तुमाले.

मले तिची आठवन येते. खूप येते. तिच्याशी भांडाले आता कोनी नाई. ते माहं दुख हाये, ते मी इथी नाई वाटत.

पाहुने म्हनून राह्यले, आता मौन पाळू. पाळू. पन एक इनंती हाये. ज्याच्या तोंडात काई नाई त्यानंच उभं राहावं. ज्याच्या गालात या घडीले खर्रा हाये, त्यानं बसूनच राहावं. लाजेनं उठू नोका, गिळून उठू नोका. लेकरं समोर बसून हायेत. त्यायले डोळ्यानं पाहू द्या, त्यायच्या बाईसाठी गावात कोन कोन उभं राह्यते.

कुसुमबाई, तुले माहा नमस्कार.

उठा आता. ज्याले उठता येते त्यानं उठावं.