दहाचं वजन

नाही हो, चष्मा आहे माझ्याजवळ, वाचता येत नाही एवढंच — तुम्ही तीनदा वाचून दाखवलंत, आवाज छान आहे तुमचा. वकीलसाहेबांना सांगा, म्हातारा नीट ऐकत होता. सही कुठे करायची तेही कळलं, त्या फुलीपाशी. पण बसा जरा, काटा स्थिर होऊ दे. घाई केली की तराजू खोटं बोलतो — तराजू कसला, आपणच.

तर दादानं या कागदात धंद्यातली माझी दहाची वीस मतं केली. धाकट्याला दुप्पट. ताईची बेचाळीस तशीच — बरोबर ना? — आणि स्वतःची अठ्ठेचाळीसची ऐंशी. आता हे बघा. या पारड्यात दादाचे ऐंशी ग्रॅम, त्या पारड्यात ताईचे बेचाळीस. माझे वीस तिच्यात टाकले. हललं? नाही. काढले. ढिम्म. म्हणजे मी असलो काय, नसलो काय. आता जुनं मांडतो — अठ्ठेचाळीस, बेचाळीस, आणि हे माझं चिमुकलं दहा. जिकडे टाकाल तिकडचं पारडं खाली. वडिलांनी वाटणी करताना निम्म्याहून जास्त मतांची अट घातली ती उगाच नाही. शंभरातली एक्कावन्न कुणा एकाकडे नव्हतीच, कुणीही दोघं एक व्हायला हवेत. मग दादा मोठा कसा आणि मी लहान कसा? सांगा.

हे मला कळलं कधी, तर गेल्या महिन्यात. जन्मभर तराजू दुरुस्त केले, लोकांची वजनं तपासली, आणि स्वतःचं कधी पारड्यात टाकलं नाही. मला वाटायचं, दहा म्हणजे नुसती फुंकर. दादानं हात वर केला की मीही करायचो, कोपऱ्यातल्या पंख्यासारखा. अकरा वर्षांपूर्वीही केला. एक तराजू गिऱ्हाइकानं परत आणला होता, चुकीचा. दादा म्हणाला, ताईचा हात थरथरतो, तिला तपासणीच्या टेबलावरून उठवू. ती नाही म्हणाली. मी हात वर केला. म्हटलं, दादाची अठ्ठेचाळीस आहेतच की, माझ्या दहानं काय व्हायचंय? — आणि त्या दहानंच झालं. ते टेबल बघा, अजून फडक्याखाली आहे. फडकं ताईनंच घातलं. तिचा हात तर आजही दगडासारखा स्थिर आहे हो. थरथरायचा तो —

हे लिहू नका. नाही — लिहा. तो परत आलेला तराजू ताईनं नाही, मी तपासला होता. लिहिलंत?

उद्याच्या बैठकीत ताईचं टेबल तिला परत द्यायचा ठराव आहे. मी मांडलाय, म्हणून तर आज हा कागद आला. दादाला सांगा, वीस नकोत, माझी दहा पुरेत. हात वर करीन, थरथरला तरी.

पेन खिशात ठेवा. जाताना दार ओढून घ्या, वाऱ्यानं काटा हलतो.