चाचणीच्या वेळी शटरला कुलूप लावल्याबाबत

पूर्ण नाव वरच्या रकान्यात लिहून दिले आहे. गल्लीत मला गास्केटवाली वहिनी म्हणतात. वय बेचाळीस. धंदा प्रेशर कुकरच्या झाकणाच्या रबरी रिंगा तयार करण्याचा. राहणार कारखान्यामागच्या दोन खोल्यांत. सोबत सासूबाई, आणि पती, जे पाठीच्या दुखण्यामुळे अंथरुणावर आहेत.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, कुकर कंपनीच्या निरीक्षक साहेबांना मी आज सकाळी माझ्या शेडमध्ये कोंडले, ही त्यांची तक्रार खरी आहे. शटर मी ओढले आणि कुलूपही मीच लावले. रबर साच्यात दाबून शिजवायची प्रेस चालवणाऱ्या मावशी त्या वेळी आतच होत्या. त्यांचा यात काही दोष नाही.

शेड पूर्वी एकच होते. पतीला दुखणे लागल्यावर प्रेस मी चालवायला घेतली. नवीन साच्यांसाठी बँकेत गेले, तर बँकेने जामीन मागितला. मोठ्या दिरांनी सही केली नाही. "बाईच्या हातात धंदा म्हणजे बुडीत खातं," असे ते बँकेतल्या माणसासमोर म्हणाले. त्यानंतर मधे भिंत घातली गेली. एक प्रेस त्यांच्याकडे राहिली, एक माझ्याकडे. मागचे दार त्यांच्या वाटणीला गेले, म्हणून माझ्या बाजूला शटर सोडून बाहेर पडायला वाट नाही. तेव्हापासून आमचे बोलणेही नाही.

भिंत झाली तरी वीज गल्लीच्या एकाच डीपीवरून, म्हणजे वीजपेटीवरून, येते. दोन्ही प्रेसचे हीटर एकदम लावले की फ्यूज उडतो आणि अख्खी गल्ली आमच्या नावाने बोटे मोडते. म्हणून पाळी ठरलेली आहे. दुपारपर्यंत दीर, दुपारनंतर मी. ज्याची पाळी, त्याच्या फाटकावर लाल फडके. बोलणे नसल्यामुळे फडके सासूबाई इकडून तिकडे बांधतात. मोठा डीपी मिळावा म्हणून वीज कार्यालयात मी इतके हेलपाटे घातले आहेत की तिथला शिपाई न विचारता मला पाणी आणून देतो. डीपी मात्र देत नाहीत.

साचा तापत असताना शटर पाडून बाहेरून कुलूप लावायचे, ही आमच्या गल्लीची पद्धत आहे. रस्ता कायम खणलेला असतो. वाऱ्याने साचा गार होतो, धूळ रबरात बसते, आणि कुलूप नसले तर ट्रकवाले पत्ता विचारायला सरळ शटर वर करतात. आत माणसे असताना हे धोक्याचे आहे असे हवालदार साहेबांनी सुनावले. ते मला मान्य आहे.

या कंपनीची मंजुरी मिळाली तर माझी प्रेस वर्षभर चालेल. नाही मिळाली तर ती भंगारात द्यायची आणि कामावरच्या तिघींना घरी बसवायचे, असे पतीशी बोलून ठरले होते. बाजारात बाहेरून आलेली तयार रिंग माझ्या कच्च्या रबराच्या भावात मिळते, त्यामुळे दुकानदारांच्या जिवावर आता भागत नाही.

साहेब पहिल्यांदा आले तेव्हा दिवसभर वीज नव्हती. दुसऱ्यांदा वीज होती, पण रबर बंदरावर अडकले होते. का अडकले, ते मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही. दोन्ही वेळा साहेबांनी 'क्षमता अपुरी' असा शेरा मारला. आजची चाचणी शेवटची होती. दुपारची वेळ त्यांनीच दिली होती. आले मात्र सकाळी.

आल्या आल्या त्यांनी विचारले, "मालक कुठे आहेत?" मी समोरच काळ्या हातांनी उभी होते. मावशी म्हणाल्या, "ह्याच की मालक. मालकीण हवी असेल तर त्याही ह्याच." साहेब हसले नाहीत. त्यांनी साच्याला हात लावून पाहिला. साचा गार होता.

मी त्यांना पाळीचे सगळे सांगितले आणि दुपारपर्यंत थांबण्याची विनंती केली. ते म्हणाले, "मला अजून दोन कारखाने बघायचेत, मॅडम. अडचणी सगळ्यांनाच असतात. शेवटी प्रश्न मालकाच्या दृष्टिकोनाचा असतो." हेच वाक्य मी लघुउद्योजकांच्या शिबिरात ऐकले होते. तिथे वक्त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता आणि मागच्या बाजूला जनरेटर धडधडत होता. माझे डोके फिरले. "साहेब, दृष्टिकोनावर साचा तापला असता तर मी आत्तापर्यंत पोलाद वितळवलं असतं," असे मी बोलले. साहेबांनी शेरा लिहायला पेन काढले.

"थांबा, वीज घेऊन येते," म्हणून मी बाहेर आले, शटर पाडले आणि कुलूप लावले. हात सवयीने गेला असे लिहू का, असे हवालदार साहेबांनी विचारले. तसे लिहू नये. किल्ली फिरवेपर्यंत सवयच होती. मग आतून साहेबांनी "अहो, उघडा!" म्हणून शटर बडवले. ते मी नीट ऐकले आणि चालू लागले.

दिरांच्या प्रेसमध्ये माल भरलेला होता. ते पंपाचे वायसर करतात. अर्धवट शिजलेले रबर गार झाले की साच्याला चिकटते. मग छिन्नीने खरवडत बसावे लागते आणि साच्याचीही वाट लागते. हे मला माहीत होते, तरी मी गेले. मी म्हटले, "भाऊजी, मला वीज पाहिजे. आत्ता. कंपनीचे साहेब आत कोंडलेत."

"कुणी कोंडलं?"

"मी."

त्यांनी आपल्या प्रेसकडे पाहिले. "अगं, माल लागलाय माझा."

"दिसतंय मला. आज नाही म्हणालात तर भिंतीपलीकडं काही उरणार नाही. मग सगळं शेड तुम्हीच घ्या."

मग त्यांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला, बाहेर येऊन आपल्या फाटकावरचे फडके सोडले आणि माझ्या फाटकावर बांधले. गाठ मारताना म्हणाले, "तेव्हा सही केली असती तर..." पुढचे मी ऐकायला थांबले नाही, कारण मला रडू येत होते. हे लिहिले नाही तरी चालेल.

शटर मी लगेच उघडले नाही. बाहेरूनच मावशींना हीटर लावायला सांगितले आणि शटरला पाठ लावून उभी राहिले. आत मावशी म्हणत होत्या, "साहेब, आपटून काय उपयोग? बसा. आम्ही रोजच आत असतो." साहेब फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होते. पत्ता चुकत होता, म्हणून मावशींनीच नीट सांगितला.

"वहिनी, निघाली!" अशी हाक आली तेव्हा मी शटर वर केले. रिंग टेबलावर होती आणि साहेब व्हर्नियर लावून ती मोजत होते. सगळीकडून मोजली, पिळून पाहिली, उजेडात धरली. मी ते शेरा लिहितील म्हणून वाट पाहत होते. त्यांनी व्हर्नियर खिशात ठेवला आणि म्हणाले, "कोंडून घेतलेली चाचणी ग्राह्य धरता येत नाही. मला हे लिहिता येणार नाही. थोडं थांबला असतात तर..."

"थांबलेच होते, साहेब," मी म्हटले. तोवर पोलिसांची गाडी फाटकाशी आली होती.

साहेबांविरुद्ध माझी तक्रार नाही. मी इकडे ठाण्यात यायला निघाले तेव्हा दीर साच्यावर छिन्नी चालवत होते. त्यांना बोलावू नये. जी काही कारवाई असेल ती माझ्यावर करावी.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'मोजून झाल्यावर निरीक्षक साहेब स्वतः म्हणाले की रिंग मापात बरोबर आहे, कडही साफ आहे' हे माझे वाक्य त्यात गाळलेले होते. गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही, असे हवालदार साहेबांचे म्हणणे पडले. दुसऱ्या कुठल्या कागदावर ते येणार नाही, म्हणून मी ते इथे घालून घेतले आणि पुन्हा वाचायला लावले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.