संशयित : निरंक

...आणि वर ती सिस्टर मलाच म्हणते, “काका, आवाज हळू, ही कॅन्सर तपासणीची गाडी आहे!” अहो, आवाज हळूच आहे माझा, एकतीस वर्षं आरोग्य खात्यात कारकुनी केली ती काय ओरडून? पण तुम्हीच सांगा, दर्यापूरच्या स्टँडमागे ती पांढरी गाडी उभी, मी माझ्या धाकट्या बहिणीला, ललिताला, सोयाबीनची सोंगणी सोडायला लावून जीपमध्ये कोंबून आणलेलं, तिच्या छातीत लिंबाएवढी गाठ, आणि ही पोरगी संगणकात बघून म्हणते काय? “मावशी, तुमची तपासणी झाली आहे. दोन वर्षांपूर्वी, अकरा फेब्रुवारी. संशयित : निरंक. पाच वर्षं पूर्ण झाली की या.”

निरंक! तुम्हाला सांगतो, सरकारात ‘काही नाही’ असं कोणी लिहीत नाही, निरंक लिहितात... म्हणजे काही नसल्याचंसुद्धा कोणीतरी डोळ्यांनी पाहून आलंय असं वाटतं!

ललिता माझ्याकडे बघते. “भाऊ, मी आली होती काय रे इथं?”

“नाही.”

“मंग मले काहून आठवून राह्यलं... कोनाचे तरी थंडे हात?”

ऑक्टोबरच्या उन्हात माझ्या अंगावर काटा! सिस्टरला म्हटलं, बाई, वाचून दाखव आमच्या गावाची यादी. ती वाचते, अगदी हजेरीच्या सुरात. सीमा शेखर, निरंक. रागिणी खुशालराव, निरंक. गोदाबाई नत्थुजी, निरंक...

गोदाबाई? अहो, गोदाबाई त्याआधीच्या दिवाळीत गेली! अशीच गाठ, कुठे दाखवली नाही, कोणी पाहिली नाही. आणि फेब्रुवारीत येऊन तपासून गेली? रांगेतल्या बाकावरच्या एका बाईने पदर सावरला, बाजूला सरकली... आणि शेजारी एका माणसाची जागा करून दिली. कोणासाठी, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मी ओरडलो, “कोणी भरलं हे?” पोरीने मूळ कागदाचा फोटोच पडद्यावर आणला. सुबक अक्षर, ‘ळ’ला लांब शेपटी. तुम्हाला सांगतो, ती शेपटी जिल्ह्यात एकच माणूस काढतो.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं हो! गाडी आमच्या गावी यायची होती, ती अडकली अमरावतीच्या कॉलनीत. तिथल्या बायकांना दरवर्षी फोन करकरून बोलावतात, त्या ‘वेळ नाही’ म्हणतात, गाडी वाट बघते. इकडे साहेब डोक्यावर, “उत्तमराव, पाचच्या आत अहवाल!” मी मतदार यादी उघडली आणि तिशीच्या वरच्या सगळ्या बाया उतरवून काढल्या. मतदार यादीत मेलेली माणसं लवकर मरत नाहीत, हे लक्षातच आलं नाही. आणि ललिताचं नाव? आलं क्रमाने, लिहिलं क्रमाने. निरंक!

मी पोरीच्या कानाशी गेलो. “हे खोटं आहे. हिला आत घे.” तिने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि कोरा अर्ज ओढला.

“मावशी, याआधी तुम्हाला कोणी तपासलं होतं?”

ललिता पडद्यापुढे वाकली. माझी पत्रं वाचत म्हातारी होत आलेली बाई ती, अक्षर ओळखायला तिला वेळ लागतो थोडाच? सावकाश सरळ झाली.

“लिही पोरी. माह्या भावानं.”

आणि गाडीच्या दाराचा पडदा सारून आत गेली. पोरगी लिहिता लिहिता थांबली.

“काका, तुम्ही डॉक्टर?”

म्हटलं, “नाही बाई. निवृत्त.”