कड्यावरचा नान

...नाही, तुम्हीच सांगा बायांनो, एकच चावा, जास्त काही मागितलं होतं का मी? घरातून लांब निघालेल्यानं नानचा एक घास तोडायचा, उरलेला आपण जपून ठेवायचा. चावलेल्या नानपाशी माणसाला परत यावंच लागतं! माझे वडील लष्करातून सुखरूप आले ते काय उगीच? पण आमची कामशात! आईला नुसतं "आपा, उशीर होतोय," म्हणाली नि दोर खांद्यावर टाकून लेक पसार... आणि कुठं, तर बायानाऊल डोंगराच्या माथ्यावर, त्या उघड्याबोडक्या ग्रॅनाइटच्या कड्यावर चढायला!

बिस्मिल्ला म्हटलं, नान बांधला रुमालात आणि निघाले मागोमाग. धापा टाकत माथा गाठते तर काय, पोरगी कड्याच्या मध्यावर पालीसारखी चिकटलेली, एक पाय आधार शोधतोय! खाली दोर धरलेला तिचा चढाईतला सोबती सायान मलाच दटावतो, "तातेय, मावशी, बोलू नका तिच्याशी, हात सुटेल!"

अहो, बोलत कुठं होते? ओरडत होते! "कामशात, एकच चावा घे गं!"

"आपा, हात मोकळा आहे का माझा?"

"तोंड तर आहे ना!"

शेजारी एक उभा धोंडा होता, वाटलं, त्यावरून पोचेल हात. कशी चढले अल्ला जाणे, पण वर गेल्यावर बघते तर मधे ही एवढी फट, आणि मागे उतरायला वाटच नाही! गुळगुळीत दगड, वारा असा की नानवरचा रुमाल उडाला... आणि समोर तिची बोटं सुटताहेत, एक... दुसरं... शेलपेकच्या पोळ्या तळीन रे अल्ला, दर शुक्रवारी गल्लीभर वाटीन! तोंडातून किंकाळी फुटू नये म्हणून नानच दातांत धरला घट्ट, आणि पोर सुटली!

दोर ताडकन ताठ झाला. लोंबकळली... हसली हो कार्टी!

मग तीच आली मला उतरवायला. "आपा, दगडाला मिठी मारू नकोस. डावा पाय माझ्या हातावर. सोड आता... सोड म्हणते ना!" सोडलं. जमिनीला पाय लागले तशी तिच्या गळ्यात पडून रडले.

"आपा, नान कुठाय?"

धोंड्यावरच राहिला! आणि चावा कुणाचा? माझा!

एकच चावा हो, तोही मागितला तिच्यासाठी... आता काय, त्या नानपाशी मलाच परत जायला हवं, रविवारी निघतेय. सायान माझ्या मापाचे चढाईचे बूट शोधतोय.